क्लच प्लेटीला हळद

आमच्या जीपचा तिसरा गिअर आई हातानं धरून बसायची. हात सोडला की दांडा खट्कन मध्ये यायचा, इंजिन बोंबलायचं आणि गाडी नुसती घरंगळत राहायची. पातूरहून अकोल्याच्या बाजारापर्यंत ती असा दांडा धरून यायची, आणि दुसऱ्या हातात फुलांच्या पोत्याचं तोंड. पुढे तिनं दांड्याला जुन्या लुगड्याचा काठ बांधला, तो सीटखालून घेतला आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळला. गिअर बदलायचा असला की मी "सोड" म्हणायचं, तिनं अंगठा ढिला करायचा, मी गिअर टाकायचा आणि "धर" म्हणायचं. वडील गेल्यानंतरच्या त्या वर्षात आम्हा मायलेकांचं बोलणं बहुतेक या दोन शब्दांत व्हायचं.

जीप वडिलांनी एका खात्याच्या लिलावात घेतली होती. चारही चाकं ओढणारी, गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन बुटके दांडे असलेली. आमचा मळा काळ्या मातीचा. पाऊस पडून गेला की ती माती चप्पलसुद्धा सोडत नाही, पण ही जीप बुटके दांडे ओढले की फुलांची पोती घेऊन म्हशीसारखी डुलत बाहेर यायची. आमचं घर फुलं आणि भाजीपाल्यावर चालणारं. झेंडू, शेवंती आणि मधल्या पट्ट्यात वांगी. मी मात्र शिकून अमरावतीला एका कार्यालयात कारकून झालो होतो. शनिवारी गावी यायचो, सोमवारी परतायचो.

ती वर्षं कपाशीची फार वाईट होती. आमच्या कार्यालयात माझ्या टेबलावरून जे कागद तेव्हा गेले त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की कागद पुढे सरकवताना साहेबांनी "चालते का हे?" असं विचारलं की "चालते" म्हणायची सवय मला तिथं लागली. फुलवाल्यांचं त्या वर्षांत वेगळंच झालं होतं. मुंबई-दिल्लीहून पाहणीला माणसं येत, गावोगाव सभा होत, त्यांना हार लागत. आणि ज्या घरी ही माणसं जात, त्या घरातल्या फोटोलाही हार लागलेला असे. दोन्हीकडे झेंडू आमचा. आई एवढंच करी, की दुसऱ्या हाराची फुलं मुकाट्यानं देऊन टाकी. घरात यावर कधी बोलणं झालं नाही. बोलायचं नाही हे आमच्या घराचं जुनंच आहे.

तर गिअरबॉक्स पार गेला तो पितृपक्ष लागायच्या चार दिवस आधी. क्लच त्याच्या आधीच घसरत होता, कारण वडिलांच्या मागे गाडी मी चालवत होतो आणि माझा डावा पाय क्लचवरून उठत नसे. पुढे नवरात्र, दसरा. झेंडूवाल्याचं अख्खं वर्ष त्या दहा दिवसांत असतं. मी आठ दिवसांची रजा टाकली आणि अकोल्याला मिस्तरीचाचांकडे गेलो.

मिस्तरीचाचा म्हणजे वडिलांचे जुने दोस्त. जीप घेतली तेव्हापासून तिला त्यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. वडील दर दसऱ्याला पहिला हार जीपला घालत आणि दुसरा चाचांच्या हत्यारांच्या पेटीला. चाचा म्हणत, "घाला बाप्पा, पेटी काई नमाज पढत नाई." पण आता चाचांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात पिकायला आला होता. दुकान मुलानं हाती घेतलं होतं. दुकानात गाडी वर उचलणारी हायड्रोलिक लिफ्ट आली होती, आणि चाचांना गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. त्याला कारणही होतं. मागच्या उन्हाळ्यात चाचांनी एका मेटाडोरचं ऑइल बदललं आणि खालचा बोल्ट आवळायचा राहिला. मेटाडोर बाळापूरपर्यंत रस्ताभर ऑइल सांडत गेली.

मी गेलो तेव्हा चाचा खुर्चीतून उठलेच. "चल. घरीच उतरवतो गिअरबॉक्स. तुह्या अंगणात."

मुलगा लिफ्टखालून बाहेर आला. माझ्याच वयाचा, शांत स्वभावाचा. "अब्बा, गाड़ी यहाँ ला लेते ना. लिफ्ट है."

"लिफ्टवर काय, कोनी बी करते. मी निंबाखाली केले हायेत पन्नास गिअरबॉक्स."

"तब दिखता था आपको."

 चाचा फडक्यानं हात पुसत उभे राहिले. मग मुलगाच म्हणाला, "ठीक है. ये एक गाड़ी. मैं खुद आके देखूँगा, घाट पे चढ़ा के, माल भर के. सही निकली तो पेटी आपकी, जब तक जी चाहे काम करो. नहीं निकली तो पेटी ऊपर माळ्यावर, और आप खुर्सी पे. कबूल?"

"कबूल," चाचा म्हणाले. आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे, पाहून म्हणाले, "बाबूसाहेब, तू माहे डोये. बाकी माहे हात हायेत."

गिअरबॉक्स मला अमरावतीच्या भंगारबाजारात मिळाला. जुना, पण दात धड. तो अकोल्यापर्यंत आणायचा कसा, तर एसटीनं. मी आणि एका हमालानं तो गोणपाटात गुंडाळून गाडीत चढवला आणि मागच्या सीटवर माझ्या शेजारी ठेवला. कंडक्टर आला.

"हे कोन?"

"गिअरबॉक्स आहे."

"सीटवर बसलं तं फुल तिकीट. खाली बसलं तं लगेज."

आम्ही तिघांनी मिळून त्याला खाली बसवलं. बडनेऱ्याला एक म्हातारी चढली, तिनं त्याच्यावर पिशवी ठेवली, मूर्तिजापूरपर्यंत स्वतःच त्याच्यावर बसली आणि उतरताना मला म्हणाली, "तुह्या पाहुण्याच्या अंगाले लय तेल हाय बाप्पा." पातळ सारखं करत ती गेली, मागे काळा गोल दिसत होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

क्लच प्लेट मात्र नवी घेतली. इथून पुढचं सगळं तिच्यामुळे झालं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

चाचा आमच्याकडे आले आणि अंगणातल्या निंबाखाली काम सुरू झालं. त्यांची पद्धत अशी, की बोल्टावर बोट फिरवायचं आणि "चौदाचा" म्हणायचं. मी चौदाचा पाना द्यायचा. एकदाही चुकले नाहीत. सोडलेला प्रत्येक बोल्ट आईच्या मसाल्याच्या जुन्या डब्यातल्या वाट्यांमध्ये वेगळा ठेवायचा. कोणत्या वाटीत काय आहे ते त्यांच्या बोटांना पाठ. जीपचं धूड ठोकळ्यांवर चढवलं होतं. गिअरबॉक्स आणि त्याला चिकटलेला, चारही चाकांना ओढ देणारा छोटा डबा मिळून वजन एवढं, की खाली घ्यायला यंत्र हवं. आमच्याकडे यंत्र नव्हतं, कापूस होता. भाव येईल म्हणून मागच्या सालचा कापूस तेव्हा घरोघर तसाच पडून होता, आमचाही होता थोडा. चाचांनी दोन मोठी गाठोडी जीपखाली सारली, शेवटचा बोल्ट काढला आणि गिअरबॉक्स अलगद कापसात बसला.

"पायलं? इतका भाव कापसाले सालभरात भेटला नसन," चाचा म्हणाले.

आणलेला गिअरबॉक्स वर चढवताना आधार म्हणून माझं पोट वापरायचं ठरलं होतं. मी पाठीवर पडणार, तो पोटावर घेणार आणि श्वास आत घेत वर उचलणार. चाचांनी आधीच माझ्या पोटावर हात ठेवून अंदाज घेतला. "सरकारी नोकरीचा फायदा हाय लेका. जॅक लागत नाई."

प्लेट बरोबर मध्यावर बसावी म्हणून तिच्या भोकात एक दांडा घालून ठेवावा लागतो. चाचांनी आईकडे लाटणं मागितलं. आईनं जुनं दिलं. ते त्यांनी कानसेनं घासून, बोटांनी मापून असं केलं, की प्लेटीच्या भोकात चपखल बसलं. आई उंबऱ्यात बसून पाहत होती.

"घरचं लाटणं आत जाऊन राहिलं," ती म्हणाली, "अन् पितर चालू हायेत."

"लाटणं बाहेर काढतो वैनी मंग," चाचा म्हणाले.

"लाटण्याचं नाई. गिअरबॉक्सचंही नाई, तो जुना हाय, त्याचं चालते. पन ही नवी हाय." ती कागदात गुंडाळलेल्या प्लेटीकडे पाहत होती. "पितरात नवं लोखंड घरात घेत नाई कोनी."

चाचांनी ते हसण्यावारी नेलं. शुक्रवार होता. दुपारच्या नमाजाला जाताना त्यांनी खाटेवर ठेवलेली प्लेट मला बोटानं दाखवली. "हे पाय बाबूसाहेब. कागदात हाय तं कागदातच राहू दे. तेलाचा हात नाई, घामाचा हात नाई. ही कोरडी पायजे. बिलकूल कोरडी. जराशी ओली झाली की पकडत नाई मंग, घसरते. ध्यानात राहीन?"

"राहील चाचा."

ते गेले. मी जीपखाली शिरून चमच्यानं जुनं काळं खरवडत बसलो. थोड्या वेळानं मला आईची पावलं दिसली. तेवढीच दिसत होती, खाटेशेजारी. आणि तिचा आवाज आला.

"हिले थोडी हळद लावू का रे? तेलातली. म्हंजे दोष नाई लागत. चालते ना?"

मला ऐकू आलं नाही असं नाही. समजलं नाही असंही नाही. चाचांनी सांगून अर्धा तास झाला नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर मला बाहेर यावं लागलं असतं, पितरांचं काय ते ऐकावं लागलं असतं, वडील असते तर काय म्हणाले असते तेही ऐकावं लागलं असतं, आणि माझी मान अवघडली होती.

"चालते," मी म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा प्लेट पिवळी झाली होती. दोन्ही अंगांनी. नवरीला लावतात तशी, पाच बोटांनी, तेलात कालवून, हात राखून नाही. मधोमध कुंकू. आतल्या स्प्रिंगांमध्ये तांदळाचे दाणे. आई वाटी घेऊन समाधानानं आत गेली होती. मी आधी वर्तमानपत्रानं पुसलं, मग वडिलांच्या जुन्या धोतरानं, मग शर्टानं. तांदूळ काडीनं टोकरून काढले. वरचं पिवळं गेलं. पण त्या प्लेटीचा पृष्ठभाग खरबरीत असतो, तेल पिऊन टाकतो. त्यानं प्यायलं होतं. नवी प्लेट आणायची तर अकोल्याला जावं लागणार, का ते चाचांना सांगावं लागणार, आईसमोर सांगावं लागणार. मी तिला परत कागदात गुंडाळलं.

चाचा परत आले. प्लेट हातात घेण्याआधी त्यांनी राख लावून हात धुतले, उन्हात वाळवले, मग कागदाच्या घडीत धरूनच ती उचलली. "हात तं नाई लावला कोनं?"

"नाही चाचा."

सगळं बसलं. गिअरबॉक्स माझ्या पोटावरून वर गेला. तो क्षण मी सोडून देतो, मी तेव्हा जे ओरडलो ते शेजारच्या मळ्यात ऐकू गेलं. रविवारी चाचांचा मुलगा मोटरसायकलवर आला. त्यानं प्रत्येक बोल्ट हलवून पाहिला. एकही ढिला नव्हता. त्यानं बापाकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला आनंदच झाला होता.

जीपमध्ये वांग्यांची पोती भरली. मी चालवायला, शेजारी मुलगा, मागे पोत्यांवर चाचा आणि आई. सपाटीला गाडी लोण्यासारखी पळाली. तिसरा गिअर जागचा हलेना. आई मागून म्हणाली, "माहा अंगठा मोकळा झाला बाप्पा," आणि चाचा एवढे हसले, की त्यांना ठसका लागला.

मग घाट लागला.

दुसऱ्या वळणावर इंजिन तापल्या कुत्र्यासारखं धापा टाकू लागलं आणि गाडी मात्र चालत्या माणसाच्या वेगानं निघाली. पाय जितका दाबावा तितका आवाज वाढे, वेग नाही. आणि वास आला. आधी हलका, मग भरपूर. तेल कडकडीत तापून त्यात हळद पडल्याचा.

मुलानं नाक वर केलं. "अब्बा, गाड़ी में पकोड़े तल रहे क्या?"

"कोनाच्या तरी घरी फोडणी पडली," आई म्हणाली.

"इतं घाटात कोनाचं घर हाय वैनी?" चाचा म्हणाले.

तेवढ्यात पायाखालून धूर आला. मी गाडी थांबवली, मुलानं उडी मारून चाकाला दगड लावला. सगळे खाली उतरलो. आईनं गाडीला हात जोडले. "वाचलो. बरं झालं मी हिले ..."

"आई, आणखी एक दगड आण!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं, की ती दचकून खरोखरच दगड शोधायला गेली.

ट्रकला बांधून जीप अकोल्याला आणली. लिफ्टवर चढवून मुलानं तीन तासांत सगळं उतरवलं. प्लेट बाहेर काढून उजेडात धरली. काळी, चकचकीत, ओली. "तेल," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "अब्बा, हाथ का तेल है."

"माहा हात कोरडा होता."

"अब्बा, आपको दिखता नहीं."

"दिसत नाई मले. पन हाताले तं समजते! कोरडा होता." मग ते माझ्याकडे वळले. या वेळी बरोबर माझ्याच दिशेला. "बाबूसाहेब, तू होता ना तिथं. सांग बरं याले. माहा हात कोरडा होता ना?"

मी म्हणालो, "मी खाली होतो चाचा. मला दिसलं नाही."

 स्वतःचे हात डोळ्यांजवळ नेऊन चाचांनी पाहिले, उलटे, सुलटे. मग फडक्यानं पुसले. पेटी मुलानंच उचलली, शिडीवर चढून माळ्यावर जुन्या टायरांमागे ठेवली आणि खाली उतरून बराच वेळ दुसऱ्याच एका गाडीत डोकं घालून उभा राहिला.

दसऱ्याला झेंडू वेळेवर पोचला. मुलानं घातलेल्या नव्या प्लेटीनं जीप घाट पळत चढली.

त्यानंतर सात वर्षं मी दर दसऱ्याला चाचांच्या दुकानी हार घेऊन गेलो. पेटी माळ्यावर असल्यानं तो हार खुर्चीला घालायचा. चाचा खुर्चीतच असत. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता, एका डोळ्यानं थोडं दिसायला लागलं इतकंच. ते जीपजवळ येत, बॉनेटवर हात ठेवत, आणि लगेच उचलून घेऊन फडक्यानं पुसत. चहाचा ग्लाससुद्धा फडक्यात धरून पीत. कुणी विचारलं तर म्हणत, "माह्या हाताले तेल सुटते बाप्पा. मले समजत नाई." गिऱ्हाइकं हसत. मीही हसलो आहे.

आणि गावात आई सांगत होती, की घाटात गाडीला धूर लागला पण काडीची इजा झाली नाही, का, तर हळद लावली होती.

सात वर्षांनी क्लच पुन्हा गेला. आता सरळपणे, झिजून, माझ्या डाव्या पायानं. रखडत का होईना, गाडी चालत होती. मी ती अकोल्याला न्यायला काढली, तर आई पुढच्या सीटवर येऊन बसली. सत्तरीच्या पुढची आई. मांडीवर वाटी, तीवर बशी झाकलेली.

"हे काय आहे?"

"हळद. तेलातली. मागच्या खेपीले लावली होती तं सात वर्षं टिकली. बाकीच्याइची तीन सालात जाते. मिस्तरीभाऊलेही सांगतो, तुमी सगळ्याच गाड्याइले लावत जा."

मागच्या खेपेला तिनं हळद लावलेली प्लेट दोन दिवसांत जळाली होती आणि टिकली ती दुसरी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार होतं?

पातूर ते अकोला मी तीन ठिकाणी चहाला थांबलो. आई म्हणाली, तुले साखर होईन. मला एवढंच दिसत होतं, की दुकानात पाय ठेवताच ती वाटीवरची बशी उचलणार आणि बोलणार. मी आधी सांगितलं तर मी सांगितलं असं होईल. नंतर सांगितलं तर सापडलो असं होईल. सात वर्षांत मला जे सुचलं नाही ते त्या रस्त्यावर असं हिशेबानं सुचलं, हे मला कबूल केलं पाहिजे. चाचांच्या हातांचा विचार मी तिसऱ्या चहानंतर केला.

दुकानासमोर गाडी लावली. आईला गुडघ्यांमुळे जीपमधून उतरायला पाच मिनिटं लागतात. मी तिला हात दिला नाही. धावत आत गेलो.

चाचा खुर्चीत होते, मुलगा लिफ्टखाली. मी एका दमात सांगितलं. हळद, तेल, तांदूळ, कुंकू, मी चालते म्हणालो ते, पुसलं ते, खाली होतो दिसलं नाही म्हणालो ते.

 मुलाच्या हातातला पाना तसाच बोल्टावर राहिला. मग चाचा म्हणाले,

"फोडणी."

"हो चाचा."

"या अल्ला, फोडणी! सात वर्षं मी इचार करून राहिलो, त्या घाटात घर कोनाचं हाय. याले इचारलं, त्या ट्रकवाल्याले इचारलं. दोघंबी म्हने, चाचा, तिथं घर नाई." ते हसायला लागले असं मला वाटलं आणि मीही ओठ हलवले. पण ते हसत नव्हते. त्यांनी दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले. "सात वर्षं मी या हाताले शिव्या देल्या. रोज. जेवता जेवता. माह्या नातीले उचलून घेतलं नाई मी, तिच्या फ्राकाले तेल लागन म्हून. अन् तू हार घेऊन येत होता."

"चाचा, मी ..."

"चूप. तुह्या बापानं असं नसतं केलं. त्यानं शिवी देली असती तुह्या मायले, पन कोरडं ठेवलं असतं."

तेवढ्यात आई आत आली. वाटी सांभाळत.

"वैनी," चाचा म्हणाले, "मागच्या खेपीले तुमी प्लेटीले हळद लावली होती?"

"हो तं!" आई खुशीनं म्हणाली. "तेलातली. याले इचारून लावली. हा म्हने चालते."

सगळं दुकान माझ्याकडे पाहत होतं. चाचांच्या मुलानं आईला समजावून सांगितलं, हळू आवाजात, मराठीत, एकेक गोष्ट. तेल लागलं की प्लेट घसरते. म्हणून जळाली. म्हणून पेटी वर गेली. आई ऐकत गेली आणि वाटी धरलेला तिचा हात खाली खाली येत गेला. मग ती माझ्याकडे वळली.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग नाई म्हनाले काय तोंड दुखत होतं?"

पन्नाशीला टेकलेल्या सरकारी नोकराला मिळालेली ती शेवटची चापट. जोरात नव्हती, पण बोटं हळदीची होती.

शिडी मुलानंच लावली. टायरांमागून पेटी काढली, खाली आणून बापाच्या पायाशी ठेवली आणि उभाच राहिला. "अब्बा, मैंने भी ..."

"तू जे पायलं ते बोलला. यानं पायलं अन् नाई बोलला." चाचांनी झाकण उघडलं. पाने गंजून लाल झाले होते, एकमेकांना चिकटले होते. तळाशी आमचं लाटणं होतं. त्यांनी ते उचललं, अंगठ्यानं टोक चाचपलं आणि मांडीवर ठेवलं.

आई स्टुलावर बसली. वाटी कुठं ठेवावी ते तिला कळत नव्हतं.

"द्या इकडे ते," चाचा म्हणाले. "पान्याइले लावा. तेल हाय, गंज निघते. हळदीचं मी सांगत नाई."

आई एकेक पाना घेऊन चोळत बसली. तोवर मुलानं लिफ्टवरची गाडी उतरवून आमची जीप चढवली. चाचांनी ती खाली घ्यायला लावली. मुलगा म्हणाला ऊपर आसान पड़ेगा, तर म्हणाले, माह्या हाताच्या उंचीवर घे, तुह्या नाई. मग बोल्टावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "चौदाचा." आईनं पिवळाधम्मक चौदाचा पाना पदरानं पुसून दिला.

संध्याकाळपर्यंत काम चाललं. मी गाडीखाली होतो. पोट आता आणखी उपयोगी झालं होतं, पण त्याबद्दल या वेळी कुणी विनोद केला नाही. नवी प्लेट कागदातून काढायची वेळ आली तेव्हा चाचांनी मला बाहेर बोलावलं. स्वतःचे हात धुतले. माझे धुवायला लावले, दोनदा. मग म्हणाले, "हात दाखव."

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो नाकाशी नेऊन हुंगला.

"दुसरा."

दुसराही हुंगला. मी म्हणालो, "कोरडे आहेत चाचा."

"तुले नाई इचारलं," ते म्हणाले, आणि माझे दोन्ही हात मनगटाला धरून मुलापुढे केले. "तू पाय बरं."